रात्रभर उभी राहिली की सकाळी चालू होत नाही: जुन्या पिकअपबद्दल वाचकांचे प्रश्न

राम राम मंडळी. या वेळी बहुतेक प्रश्न जुन्या डिझेल पिकअपचे आलेत, आणि ते येणारच, कारण आपल्याकडे रावेर-यावलला केळी, चाळीसगाव-पारोळ्याला कापूस, नंदुरबारला मिरची, सगळा माल शेतातून पहिल्यांदा निघतो तो याच गाड्यांमधून, आणि त्यातल्या कितीतरी पंधरा-पंधरा वर्षं जुन्या आहेत. नवीन गाडीचा हप्ता परवडत नाही आणि जुनी विकून हातात काही येत नाही, म्हणून ती सांभाळणं हाच मार्ग. मी या पट्ट्यात वीसेक वर्षं डिझेलचंच काम केलंय, त्यामुळे जे हाताने केलंय तेवढंच सांगतो.

प्रश्न: भाऊ, आमची २००६ मॉडेल पिकअप आहे, साधा मेकॅनिकल पंप, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. सकाळी सेल्फ मारला की नुसता फिरत राहतो, गाडी पेट घेत नाही, कधी घेतली तर मिनिटभरात बंद पडते. मग पंपावरचा हातपंप वीस-तीस वेळा मारला की चालू होते आणि दिवसभर एका सेल्फमध्ये चालते. बॅटरी नवीन टाकली, फरक नाही. एक मेकॅनिक म्हणतो पंप खोलावा लागेल, दुसरा म्हणतो नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) गेले. आई रोज सकाळी विचारते, "गाडी रुसनी का भो?" काय करू? (एक केळी उत्पादक, यावल तालुका)

उत्तर: भाऊ, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, "हातपंप मारला की चालू होते आणि मग दिवसभर चालते" हे वाक्य परत वाचा. पंप खराब असता तर दुपारीही त्रास दिला असता, नोझल गेले असते तर धूर आणि आवाज बदलला असता. तुमची गाडी रात्रीतून हवा घेतेय. डिझेलची टाकी खाली आणि पंप वर, त्यामुळे टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) लाइन ओढीवर चालते, आणि ओढीच्या लाइनला बारीक चीर असली तर तिथून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून लोक खाली वाकून बघतात, कुठे ओलं दिसत नाही, आणि म्हणतात लाइन चांगली आहे. रात्रभर गाडी उभी राहिली की त्या चिरेतून हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल हळूहळू परत टाकीत उतरतं, सकाळी पंपाला डिझेलऐवजी फेस मिळतो.

आता खर्च करायच्या आधी एक साधी गोष्ट बघा. उद्या सकाळी सेल्फ मारताना घरातल्या कुणाला तरी सायलेन्सरच्या मागे उभं करा. सेल्फ फिरतोय आणि पांढरट-करडा धूर येतोय, म्हणजे डिझेल इंजिनात पोचतंय पण जळत नाहीये, तेव्हा नोझल, कॉम्प्रेशन, सेल्फचा वेग याचा विचार करायचा. धूर अजिबात येत नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाहीये. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे धूर येणार नाही. या एका गोष्टीने अर्धं काम होतं आणि त्याला पैसा लागत नाही.

मग दुकानातून तुमच्या लाइनच्या मापाचा फूटभर पारदर्शक पाइप आणा, डिझेल चालेल असा, आणि फीड पंपाच्या अगदी आधी बसवा, दोन्ही बाजूला चांगल्या क्लिप लावून. तार पिळून बांधू नका, ती तारच नवी हवा घेईल. गाडी चालू करून त्या पाइपाकडे टॉर्च मारून बघा. डिझेल काचेसारखं स्वच्छ जात असेल तर टाकीकडची बाजू ठीक. पण मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक पळताना दिसले तर आपला चोर, म्हणजे हवा शिरायची जागा, टाकी आणि त्या पाइपाच्या मधेच कुठेतरी आहे. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा त्या बुडबुड्यांकडे किती वेळ बघत बसलो होतो, कारण त्याआधी त्याच गाडीवर मी दोन दिवस घालवले होते.

शेवटची खात्री करायची तर पाच लिटरचा स्वच्छ कॅन इंजिनपेक्षा उंचीवर घट्ट बांधा, त्यातून सरळ फीड पंपाला डिझेल द्या आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये चालू झाली की समजायचं पंपाला हात लावायची गरज नाही. फक्त कॅन सायलेन्सरच्या गरम पाइपापासून लांब हवा, जवळ बिडी-सिगारेट नको, आणि परतीचं डिझेल मूळ टाकीत जातं म्हणून कॅन वाटतो त्यापेक्षा लवकर रिकामा होतो, हे लक्षात ठेवा.

आता चोर कुठे असतो ते सांगतो. पहिला संशय टाकीजवळच्या रबरी पाइपावर. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात खालून रस्त्याची आणि वरून इंजिनची गरमी, रबर वरून चांगलं दिसतं पण क्लिपच्या खाली वाकवून बघा, केसासारख्या चिरा दिसतात. अख्खा पाइप बदला, टोक कापून परत लावू नका. दुसरा संशय तांब्याच्या वॉशरवर. बॅन्जो बोल्टच्या, म्हणजे डिझेलची लाइन जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या जोडाला दोन्ही बाजूला असतात ते. फिल्टर बदलताना जुनेच वॉशर परत लावायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. जुना वॉशर हातात घेऊन त्यावर नख फिरवा, गोल खाच लागेल, काळपट असेल, आणि दाबला गेल्यामुळे कडक झालेला असेल. कडक तांबं परत नीट बसत नाही. नवा वॉशर काही रुपयांचा असतो, पण रविवारी दुकान बंद असेल आणि गाडी लागणारच असेल तर जुना वॉशर पक्कडीत धरून गॅसवर लालसर होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका, तांबं परत मऊ होतं (पोलाद तापवून पाण्यात टाकलं की कडक होतं, तांब्याचं उलट). मग बारीक पॉलिश पेपरवर घासून सपाट करून लावा. तिसरा संशय हातपंपाच्या सीलवर, गाडी चालू असताना त्याच्या दांड्याभोवती ओलं दिसतं का बघा. आणि पारदर्शक पाइपात बुडबुडे नसतील तरी सकाळचा त्रास असेल, तर फीड पंपातले छोटे व्हॉल्व्ह डिझेल मागे सोडत असतील, ते साफ करून किंवा बदलून काम होतं, त्यासाठी मोठा पंप खोलावा लागत नाही.

पाइप, वॉशर बदलून झालं की हवा काढायची. फिल्टरवरचा छोटा स्क्रू दीड-दोन आटे ढिला करा, खाली कापड धरा, हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, फुस्स आवाज येईल, मग फेस कमी होत होत नितळ डिझेल येईल, डिझेल येत असतानाच स्क्रू आवळा. तेवढ्यावर चालू झाली नाही तर नोझलकडे जाणाऱ्या एक-दोन पाइपांचे नट थोडे ढिले करून सेल्फ मारा, डिझेल आलं की आवळा. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, गळणाऱ्या नोझलच्या धारेवर बोट ठेवू नका. साध्या जुन्या इंजिनातही नोझल २०० बारच्या आसपास दाबाने उघडतो, ती धार कातडी फोडून आत जाते, वरून फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि आत डिझेल पसरून बोट, हात कापायची वेळ येते. असं झालंच तर दुखत नसलं तरी सरळ मोठ्या दवाखान्यात जायचं आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

बाकी पंप खरंच खराब असेल तर तो घरी खोलायची गोष्ट नाही. जुने मेकॅनिक त्याला अजून मायको पंप म्हणतात, कारण बॉशचं भारतातलं नाव २००८ पर्यंत मायको होतं. त्याचं कॅलिब्रेशन मशीनवरच होतं. पण तुमच्या लक्षणांवरून मी आज तरी पंपवाल्याकडे जाणार नाही.

प्रश्न: आमची पिकअप सपाट रस्त्यावर मस्त चालते पण माल भरून कन्नड घाट चढताना काटा लाल पट्टीला टेकतो. गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट वॉल (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला, म्हणाला आपल्या गरमीत त्याची गरजच नाही. तरी तेच. हेड काम (इंजिनचा वरचा भाग खोलायचं) काढावं का? (चाळीसगाव)

उत्तर: हेडला एवढ्यात हात लावू नका. सपाटीला चालते आणि चढाला तापते, याचा अर्थ थंड करायची ताकद कमी पडतेय, आणि ती कुठे कमी पडतेय ते बाहेरून बघत आत जायचं.

आधी समोरची जाळी काढून रेडिएटरकडे बघा. तुम्ही कापूस वाहता की नाही माहीत नाही, पण तुमच्या रस्त्याला जिनिंग आहेत, ट्रॉल्या आहेत, हवेत कापसाचे तंतू आहेत, ते रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये बसतात, वर धूळ बसते, पाऊस पडला की त्याचा लेप तयार होतो. मी एका गाडीच्या रेडिएटरवरून गोधडीसारखा अख्खा थर हाताने सोलून काढलाय. इंजिन थंड असताना साध्या नळीने, इंजिनकडून समोरच्या बाजूला पाणी मारा, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर जाईल. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पत्रे मुडपतात आणि हवा कायमची बंद होते.

मग पाणी. बोअरचं पाणी टाकत असाल तर आजपासून बंद करा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती आहेत ते घरातल्या हंड्याच्या बुडाला बघा, तोच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांमध्ये बसतो. रेडिएटर रॉडिंग (नळ्यांमधला थर सळईने साफ करणं) करून घ्या आणि मग कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. कूलंटमुळे पाणी उशिरा उकळतं, आणि झाकण चांगलं असेल तर ते दाब धरून ठेवतं त्यामुळे आणखी उशिरा. म्हणून झाकणाचं रबर आणि स्प्रिंग बघा, ते स्वस्तातलं आहे आणि लोक सगळ्यात शेवटी बदलतात. गरम इंजिनचं झाकण उघडू नका, चेहरा भाजलेली माणसं मी बघितलीत. काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका, ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्रं किंवा वासरू चाटून जातं.

फॅन बेल्ट अंगठ्याने दाबा, सेंटीमीटरभर खाली जायला हवा, जास्त गेला तर ढिला आहे आणि चढावर जोर लागतो तेव्हाच सरकतो. वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) खालच्या बारीक भोकातून गळतंय का तेही बघून घ्या.

आता थर्मोस्टॅट, तो परत बसवा. बऱ्याच इंजिनात तो उघडला की रेडिएटरची वाट उघडतो आणि बायपासची वाट बंद करतो, काढून टाकला की पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत राहतो, म्हणजे गरमीसाठी म्हणून काढला आणि गरमीच वाढली. शिवाय हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे चांगली थंडी पडते, तेव्हा इंजिन थंडच राहतं, डिझेल जास्त खातं, इंजिनचे लाइनर (सिलिंडरची आतली भिंत) घासतात. वॉल चांगला आहे का बघायचं तर तो दोऱ्याने बांधून पाण्याच्या पातेल्यात लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, आणि गॅस लावा. बहुतेक वॉल ८२ डिग्रीच्या जवळपास उघडायला लागतात, तर पाणी खळखळून उकळायच्या आत तो डोळ्यादेखत सरकायला हवा. नाही सरकला तर नवा घ्या. पातेलं मात्र परत स्वयंपाकाला नेऊ नका.

एवढं करूनही तापली तर मग हेड गॅसकेटचा (हेडखालच्या पॅकिंगचा) विचार. थंड इंजिन, झाकण उघडं, गाडी चालू करा आणि पाण्यात बघा, सतत बुडबुडे येत असतील किंवा डिपस्टिकवरचं ऑइल चहासारखं दुधाळ असेल तर हेड खोलावं लागेल. आणि घाटात काटा वर गेलाच तर बाजूला घेऊन लगेच बंद करू नका, पाणी गेलेलं नसेल, वाफ येत नसेल तर दोन-चार मिनिटं आयडलला चालू ठेवा म्हणजे पंखा आणि पाणी फिरत राहील.

प्रश्न: दादा, भाजीपाल्याची गाडी मीच चालवते, मिस्टर शेती बघतात. गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. बॅटरी नवीन आहे, डायनामो पण दाखवला, चांगला आहे म्हणतात. दर वेळी शेजारच्यांना धक्का मारायला बोलवायचं बरं वाटत नाही. (शिरपूर)

उत्तर: ताई, तुम्ही साधा मल्टिमीटर घ्या, दोन-तीनशे रुपयांचाही चालेल, हे काम तुम्ही स्वतः तासाभरात कराल.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या जवळ दाखवायला हवी, १२.२ म्हणजे निम्मी उतरली. गाडी चालू असताना १३.८ ते १४.४ दाखवलं तर डायनामो खरंच चांगला आहे. मग वीज जातेय कुठे? गाडी बंद, किल्ली काढलेली, दरवाजे लावलेले. बॅटरीची निगेटिव्ह क्लॅम्प सोडा आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून एक टोक त्या क्लॅम्पला आणि एक बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. मीटर असं जोडलेलं असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल. तुमच्यासारख्या जुन्या साध्या गाडीत ०.०५ च्या आत आकडा हवा. समजा ०.५ दाखवला, तर दिवसाला १२ अँपिअर-आवर जातात, चार दिवसांत ४८, आणि ८० ची बॅटरी तेवढ्यात सेल्फ फिरवण्याच्या लायकीची राहत नाही. तुमचे तीन-चार दिवस असेच जुळतात.

आता एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येईल त्या लाइनवर गळती आहे. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला तर ती वायर थेट बॅटरीवरून घेतलेली आहे किंवा डायनामोचा डायोड गळतोय, डायनामोची जाड वायर सोडून बघा की लगेच कळेल. माझ्या अनुभवात दहातल्या सात गाड्यांत नंतर बसवलेला टेप, रिव्हर्सचा हॉर्न किंवा हौदातली एलईडी पट्टीच निघाली, थेट बॅटरीला जोडलेली, मधे फ्यूजसुद्धा नसतो. तशी वायर दिसली तर तिला फ्यूज लावल्याशिवाय गाडी वापरू नका, घासून शॉर्ट झाली तर आग लागते.

बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी काढायची आणि लावताना शेवटी लावायची. उलट केलं आणि पाना बॉडीला लागला तर मोठी ठिणगी पडते, आणि चार्ज झालेल्या बॅटरीतून निघणारा वायू पेट घेणारा असतो.

प्रश्न: मागचा एक पाटा (स्प्रिंगची पट्टी) तुटलाय. मी आणि भाऊ मिळून घरी बदलू शकतो का? (पाचोरा)

उत्तर: बदलू शकता, पण जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, जमीन कडक हवी, आपल्या काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी. चासीखाली दोन्ही बाजूला जाड लाकडी ठोकळे किंवा स्टँड, विटा नाही, वीट कधी फुटेल सांगता येत नाही. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट सोडताना पाट्यांचा ताण उसळतो, त्याआधी दोन शिकंजे लावून घ्या आणि मग सावकाश ढिले करा. पाटे ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट नवेच घाला, एकदा ताणलेले परत घट्ट राहत नाहीत, आणि माल भरून पहिली एक-दोन खेप मारली की ते परत आवळा.

प्रश्न: ब्रेक पेडल खाली जातं, दोनदा मारलं की धरतो, आणि गाडी डावीकडे ओढते. मुलगा म्हणतो व्हिडिओ बघून घरीच करतो. करू द्यावं का? (एक वडील, दोंडाईचा)

उत्तर: काका, खोलून बघू द्या, पण एकट्याला जोडू देऊ नका. चाक आणि ड्रम काढून आत ओलं आहे का बघायचं. व्हील सिलिंडरची (चाकातला, ब्रेक दाबणारा सिलिंडर) रबरी टोपी वर उचलली आणि ब्रेक ऑइल निघालं तर सिलिंडर गेलाय, ग्रीस दिसलं तर हबचं सील गेलंय. लायनर (ड्रमला आतून घासणारी ब्रेकची पट्टी) कशानेही भिजला असेल तर धुवून परत लावायचा नाही, आणि एका बाजूचा बदलला तर दुसऱ्या बाजूचाही बदलायचा, गाडी एका बाजूला ओढते ती याच फरकामुळे. लायनरची धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, पाण्याने ओली करून पुसा.

दोनदा मारल्यावर धरतो म्हणजे लायनर लांब गेलेत, ते सेट करावे लागतील. पेडल स्पंजसारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे, ती काढायला दोन माणसं लागतात, आणि त्यातला एक असा हवा ज्याने हे आधी केलंय. बाटलीवर लिहिलेलं डॉट ३ किंवा डॉट ४, जे तुमच्या गाडीला सांगितलंय तेच ऑइल, नवीन सीलबंद बाटलीतलं, कारण ते हवेतलं पाणी ओढतं. दुसरं कुठलंही तेल नाही. माझ्याकडे शिकायला असलेल्या एका पोराने घाईत मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलकडचा, ब्रेक ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर) इंजिन ऑइल ओतलं होतं, दोन दिवसांत सगळी रबरं फुगून बसली, मास्टरपासून चारही चाकांपर्यंत सगळं बदलावं लागलं, आणि बरं की ते अंगणातच लक्षात आलं.

काम झाल्यावर गाडी रिकामी, मोकळं मैदान, वीसच्या वेगात चार-पाच वेळा ब्रेक मारून बघा, सरळ थांबते का, पेडल तिथेच राहतं का. नंतर हात लावून बघा, एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर तो घासतोय. एवढं सगळं नीट निघेपर्यंत तिच्यात माल भरू नका आणि घरातलं कुणी बसवू नका. आणि तुमची गाडी आठ वर्षांच्या वरची मालवाहू असणार, म्हणजे दर वर्षी पासिंगला जावंच लागतं, तर ते ज्या महिन्यात आहे त्याच्या आधीच्या महिन्यात हे काम काढा, आरटीओसमोर घाईत आवळलेला ब्रेक पुढच्या उतारावर सैल होतो.